खिडकीकडचा उतार

बटण सुटलं. पडल्याचा आवाज आला, टक्. पुढे काहीच नाही.

आर्मेल गियाल पलंगाच्या कडेवर शर्टाची बाही धरून तसाच बसून राहिला. तो वाट पाहत होता. बटण पडलं की आधी टक्, मग लाकडावरून बारीक खरखर, ती वाढत जाणार, टेबलाच्या पायाला चाटून वळणार, आणि शेवटी खिडकीखालच्या पट्टीवर आपटून थांबणार. या घरात राहायला आल्यापासून असंच. वाटाणे, नाणी, सुया, लेक सोलेन लहान होती तेव्हाच्या तिच्या काचेच्या गोट्या, एकदा तर साबणाच्या हातातून निसटलेली बायकोची, मारीव्हॉनची, लग्नातली अंगठीसुद्धा, सगळं घरंगळत खिडकीशी जमायचं. काचबिंदूनं डोळे नेले, त्यानंतर त्याला या गोष्टीचं फारच सुख वाटायचं. आंधळ्याच्या हातून वस्तू पडली की ती जगातूनच जाते म्हणतात. त्याचं काही जात नव्हतं. खिडकीशी जायचं, वाकायचं, उचलायचं. आता ते बटण जिथं पडलं होतं तिथंच कुठंतरी गुपचूप बसलं होतं. तो खाली उतरला, ओणवा झाला, तळहातांनी जमीन चाचपू लागला. नवी जमीन गुळगुळीत होती, तिला वार्निशाचा वास होता, आणि ती कुठंच जात नव्हती. चाचपता चाचपता त्याचं डोकं कशावर तरी आपटलं. कपाट. म्हणजे तो समजत होता त्याच्या बरोबर उलट दिशेला आला होता.

"आर्मेल, कॉफी गार होतेय. काय करतोयस एवढा वेळ?"

"बूट घालतोय."

"अजून? लग्नाला निघालायस की काय?"

तो हसला, तिला ऐकू जाईल एवढं. मग कपाटाला धरून उठला आणि बाहीचं बटण न लावताच, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे गेला. पूर्वी भिंत लागत नसे. पूर्वी चढ लागला की स्वयंपाकघर, उतार लागला की खिडकी, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा जरा खाली पडला की आपण मधल्या टेबलापाशी आहोत. तो हे कधी ठरवून शिकला नव्हता. डोळे जाऊ लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पायांना सगळं आधीपासूनच पाठ आहे. सोलेननं पांढरी काठी आणली होती, ती छत्र्यांच्या भांड्यात पडून होती. घरात काठी कशाला, असं तो म्हणायचा, आणि खरंच तो हातात गरम सूपाचं भांडं घेऊन त्या खोलीतून असा चालायचा की नवा पाहुणा त्याला आंधळा समजायचाच नाही. आणि मग या उन्हाळ्यात दोघं महिनाभर गावाबाहेर सोलेनकडे राहिली, आणि तेवढ्यात सुतारांनी जुन्या फळ्यांवर खिडकीकडे वीतभर उंच आणि स्वयंपाकघराकडे कागदासारख्या होत जाणाऱ्या पट्ट्या ठोकून वर नवी जमीन घातली. सपाट. नांत शहरातल्या या जुन्या बेटावरची घरं वाकलेली आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाळूवर लाकडी खुंट ठोकून बांधलेली, मग भोवतालची नदी भरून टाकली, खुंट सुकले, आणि घरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्यागत कलली. नदी होती तिथून आता ट्राम जाते. आर्मेलच्या आईनं पाणी पाहिलं होतं. त्यानं स्वतः फक्त उतार पाहिला होता, आणि नंतर तोही पाहता येईनासा झाला तेव्हा तो नुसता पायात उरला होता.

घर संरक्षित आहे. म्हणजे दर्शनी भिंत, तिच्यावरचे दगडी चेहरे, पोटाशी फुगलेले लोखंडी सज्जे, खिडक्यांच्या लहरी काचा, दगडी जिना, यांतल्या कशालाही नख लावायचं नाही. झडपांचा रंगसुद्धा वारसा खात्यातला साहेब ठरवणार. मारीव्हॉन त्याला तोंडावर साहेब आणि पाठीमागे 'वारसावाला' म्हणते. पाया बळकट करायचं ठरलं तेव्हा तो आला होता. पाया भरा म्हणाला, पण घर सरळ करायचं नाही, ते जसं वाकलंय तसंच वाकलेलं जपायचं. जिन्याचा चिरासुद्धा हलता कामा नये. मग या खोलीत आला, बूट आपटून पाहिले आणि म्हणाला, "ह्या फळ्या साध्या, पाइनच्या. पुष्कळ नंतरच्या. ह्यात जपण्यासारखं काही नाही. तुम्हाला सपाट करून घ्यायची तर खुशाल घ्या." मारीव्हॉननं श्वास आत ओढल्याचं आर्मेलला ऐकू आलं होतं. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सगळी उमर बिस्किटांच्या कारखान्यात उभ्यानं गेली, आणि घरी आल्यावर चूल चढावर. डॉक्टर म्हणाला होता, सपाटावर चाला. सपाट कुठून आणणार होती ती? त्या दिवशी तिनं विचारलं, "करूया ना रे?" आणि तो म्हणाला, "त्यात विचारायचं काय!" त्याला तसंच वाटलं होतं. जमीन म्हणजे जमीन, असं त्याला वाटलं होतं.

आता ती स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत येताना गुणगुणत होती. पूर्वी तिच्या पावलांत एक लांब आणि एक आखूड असा ठेका असे, आणि मध्ये दाबलेला हुंकार. आता ठेका सारखा होता. "बघ, बघ," ती म्हणाली, आणि मग जीभ चावल्यासारखी थांबून, "म्हणजे ऐक. वाडगा काठोकाठ भरलाय. सांडत नाही." या घरात वाडगा कधी काठोकाठ भरत नसत. उतारावरून टेबलापर्यंत नेताना सूप एका बाजूला चढायचं, आणि वाइनचा पेला पाऊण भरला की पुरे. पाहुणे म्हणायचे गियाल मंडळी कंजूस आहेत. आर्मेलनं दोन्ही हातांनी वाडगा धरला, ओठ लावले, कॉफी दोन्ही बाजूंनी सारखी ओठांना लागली. "वा," तो म्हणाला. तिला आनंद झाला होता आणि तो आनंद खरा होता, म्हाताऱ्या बाईच्या पावलांतून ऐकू येणारा. त्याच्यावर पाणी ओतायला त्याचं मन धजेना. शिवाय त्यानं तोंड उघडलं असतं तर सोलेननं लगेच गाडी काढली असती. तिच्याकडे तळमजल्यावर खोली तयारच होती, बागेकडे उघडणारी, कडेनं कठडे लावलेली. "बाबा, एकदा का तुम्ही पडलात ना," ती म्हणायची आणि वाक्य तिथंच सोडायची. तो पडला नव्हता. कारण तो चालतच नव्हता. परत आल्यापासून तो दिवसभर खुर्चीत बसायचा, आणि मारीव्हॉनला वाटायचं तो रेडिओ ऐकतोय.

खुर्चीत बसून तो गोदीत जायचा. गोदी बंद होऊन युग लोटलं, तिथं आता पर्यटकांसाठी काहीबाही यंत्रं फिरतात म्हणे, पण त्याच्या डोळ्यांआड सगळं उभं होतं. जहाज बांधायचं ते उतरत्या धक्क्यावर, नाक वर आणि शेपूट नदीकडे, म्हणजे आतली प्रत्येक वस्तू तिरक्या जगात सरळ बसवायची. तो उमेदवार सुतार होता तेव्हा त्याला कॅप्टनच्या खोलीचं दार बसवायला दिलं. त्यानं ओळंबा धरला, पाणसळ लावली, बुडबुडा बरोबर मध्ये, आणि दार असं बसवलं की बोटानं ढकललं तरी जिथल्या तिथं राहावं. तो दाराकडे बघत उभा असताना फोरमन ब्रिओ आला. त्यानं बघितलं आणि पुढे गेला. जहाज पाण्यात उतरवलं त्या दिवशी त्यानं आर्मेलला आत नेलं. पाण्यावर जहाज सरळ झालं होतं आणि दार तिरकं, ते आपोआप उघडत होतं, आपोआप आपटत होतं, खुळ्यासारखं. सगळे सुतार बाहेर जमून खो खो हसत होते, कारण ही चूक प्रत्येक नवा पोरगा करतो आणि प्रत्येकाला ती करू देतात. "उतारावर पाणसळ खरं बोलत नाही, पोरा," ब्रिओ म्हणाला. "आधी उताराला विचारायचं." मग त्याला उताराची फळी दिली, धक्क्याच्या तिरकेपणाएवढी निमुळती कापलेली. पाणसळीखाली ती धरायची, मग बुडबुड्यावर विश्वास ठेवायचा. ती फळी त्यानं गोदी बंद होईपर्यंत खिशात बाळगली.

आणि संध्याकाळी धक्क्यावरून निघून घरी आलं की घरातही उतारच. लग्न झालं तेव्हा या वाकड्या घरात राहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तर ते त्यांना मिळालं. दगडी चेहऱ्यांच्या नाकांवरून काळं पाणी ओघळायचं आणि जिन्यात मांजरांचा वास. मारीव्हॉन पहिल्यांदा आत आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "अरे देवा, ही खोली कुठं निघालीय?" आठवडाभर त्यानं गोदीतले ओकचे तुकडे आणून पाचरी कापल्या. खिडकीकडच्या, उतरत्या बाजूच्या पायांखाली टेबलाला दोन, कपाटाला दोन, चुलीला दोन, आणि पलंगाला दोन. बेटावरच्या सगळ्या घरांतून अशा पाचरी असायच्या. भाडेकरू घर सोडून जाताना पडदे नेत, दिवे नेत, पण पाचरी नव्या माणसाच्या हातात देऊन जात. त्याच्या पाचरी इतक्या नेमक्या की टेबलावर अंडं ठेवलं तरी हलू नये. फक्त पलंगाच्या जरा कमी पडल्या होत्या. आर्मेल खिडकीकडच्या बाजूला, म्हणजे खाली झोपायचा, मारीव्हॉन वरच्या, आणि रोज पहाटेपर्यंत ती घसरत घसरत त्याच्या पाठीशी येऊन टेकलेली असायची. तो खाली पडू नये म्हणून त्यानं जहाजातल्या बिछान्याला असते तशी कडेची फळीही लावली होती. पाचर मात्र बदलली नाही. "गोदीतला नंबर एक सुतार," ती मैत्रिणींना सांगायची, "आणि बायकोचा पलंग सरळ करता येईना!" मैत्रिणी हसायच्या, तोही हसायचा, मान खाली घालून. भांडण झालं की ती वरच्या कडेला धरून झोपायची, पण झोपेत हात सुटतोच.

सुतारांनी उन्हाळ्यात सगळ्या पाचरी काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या. आता पलंग सपाट होता. पहाटे जाग आली की आर्मेलची पाठ गार असायची. हात लांब केला की चादर, आणखी लांब केला की चादर, आणि मग कुठंतरी दूर ती, सरळ, उताणी, शांत झोपलेली. खुब्याला बरं वाटतं म्हणून तिला झोपही छान लागत होती. तो हात मागे घ्यायचा. आपण रुंद पाण्यावर आहोत आणि दुसरी होडी दिसत नाही, असं त्याला वाटायचं.

बटण पडलं त्याच दिवशी मारीव्हॉन बाजाराला गेली. "सार्डिन मासे मिळाले तर आणते," ती म्हणाली, "आणि लोणी संपलंय. रेडिओ लावू?" तो नको म्हणाला. तिची पावलं जिन्यात गेली, आणि जिन्यात मात्र त्यांचा जुना लांब-आखूड ठेका परत सुरू झाला. तो ठेका त्यानं ऐकला. मग तो उठला. खिडकीशी जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. ट्रामचा आवाज येतो तिकडं खिडकी, यात अवघड ते काय? तो चालू लागला. चार पावलं टाकून झाल्यावर ट्राम थांबली, आणि आवाज गेला तशी खोलीही गेली. पायांनी विचारलं, कुठं? जमिनीनं उत्तर दिलं नाही. त्यानं वळून पाहिलं, म्हणजे वळला, आणि वळल्यावर किती वळलो तेही कळेना. डोळे गेले तेव्हा त्याला असं झालं नव्हतं. तेव्हा अंधार आला होता, पण अंधाराला खालची आणि वरची बाजू होती. आता त्याच्याभोवती सगळीकडे सारखंच होतं. आपण आज आंधळे झालो, असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याच घराच्या मधोमध उभा राहून तो म्हातारा माणूस रडला. थोडाच रडला. मग हात पुढे करून सरळ चालत सुटला, जे लागेल ते लागो म्हणून, आणि हाताला लागली ती मुख्य दाराची मूठ.

त्यानं दार उघडलं आणि पाऊल बाहेर टाकलं. पाऊल दगडावर पडलं आणि डावीकडे हलकेच कललं.

तो तसाच उभा राहिला. दुसरं पाऊल टाकलं. तेही कललं. जिना हलवायचा नाही, वारसावाला म्हणाला होता, एक चिराही नाही. देव त्याचं भलं करो. आर्मेलच्या तळव्यांतून काहीतरी गुडघ्यांत चढलं, गुडघ्यांतून पाठीत, आणि भोवतालचं सगळं घर एकदम जागच्या जागी येऊन बसलं. इकडे नदी, म्हणजे ट्राम, म्हणजे खिडकी. तिकडे अंगण. वर शेजारीण पुपारबाईंचं दार, त्यांच्या मांजराचं बशीतलं पाणी. त्यानं लोखंडी कठडा धरला आणि उतरू लागला, हळू नाही, नेहमीसारखा. खाली अंगणात पर्यटकांना घर दाखवणाऱ्या कुठल्यातरी वाटाड्याचा आवाज चालला होता. हे घर जहाजाच्या मालकानं बांधलं, साखर, कापूस, आणि जहाजांच्या पोटात साखळीनं बांधलेली गुलाम माणसं यांच्या व्यापारावर. रोज ऐकून आर्मेलला ते पाठ झालं होतं, आणि रोज ऐकताना त्याला आपल्या जागेवर बसून राहणं कठीण जायचं. पोटात माणसं भरून नेणारी जहाजंही अशीच कुठल्यातरी उतारावर बांधली असतील, आणि कोणीतरी सुतारानं त्यांतही दारं सरळ बसवली असतील. वाटाडा गेला, पाहुण्यांची पावलं गेली. आर्मेल मधल्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला. घर कुठंतरी निघालेलं होतं अजून. जहाज उतरवायच्या दिवशी पाचरी घणानं ठोकून काढत, आणि शेवटची निघाली की क्षणभर काहीच व्हायचं नाही. माणसं श्वास धरून हात लावून उभी असायची, आणि मग पोलादाच्या त्या डोंगराखाली हाताला बारीक थरथर लागायची. त्यानं बाजूच्या भिंतीला तळहात लावला. ट्राम येत होती आणि भिंत बारीक थरथरत होती.

"अगोबाई! मस्यू गियाल! पडलात की काय?" वरून पुपारबाई ओरडल्या.

"नाही हो. बसलोय."

"जिन्यात?"

"हवा छान आहे."

"जिन्यात कसली आलीय हवा! थांबा, मी मारीव्हॉनला..."

"ती आलीच बघा," आर्मेल म्हणाला. तिची पावलं खालून येत होती, लांब, आखूड, मध्ये हुंकार. पिशवीतल्या सार्डिनांचा वास तिच्या आधी पोचला. ती त्याच्यासमोर थांबली. वर पुपारबाईंनी दार लावून घेतल्यासारखं केलं, पण लावलं नाही.

"इथपर्यंत एकटा आलास?"

"हो."

"भिंत न धरता?"

"नुसता कठडा."

"आणि घरात मात्र तू भिंत धरतोस," ती म्हणाली. "मला वाटलं वय झालं. खुर्चीतून उठत नाहीस, मला वाटलं रुसलायस कशावर तरी. सकाळी कपाटावर डोकं आपटलंस ते मी ऐकलं. बूट घालतोय म्हणे! बूट काय कपाळात घालतात?"

त्याचा हात कपाळाकडे गेला.

"सांगितलं का नाहीस रे?"

"तुझी पावलं ऐकली म्हणून," तो म्हणाला. "तू गुणगुणत होतीस."

तिनं पिशवी खाली ठेवली. कठड्याला धरून, हुंकार देत, ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, वरच्या अंगाला, आणि बसल्याबरोबर जिन्यानं तिला हलकेच त्याच्यावर लोटलं. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. ती सरळ व्हायला गेली, पण जिना ऐकेना. मग तिनं सोडून दिलं.

"मला तो उतार परत नको, आर्मेल," ती थोड्या वेळानं म्हणाली. "तू म्हणालास तरी नको. खूप दुखायचं रे. तुला सांगितलं नाही किती दुखायचं ते."

"मी कुठं म्हणतोय?"

"तू कधीच काही म्हणत नाहीस, तोच तर वैताग आहे."

"काठी घेईन," तो म्हणाला. "शिकेन. भांड्यात सडतेय नाहीतरी."

"शिकशील," ती म्हणाली. "आणि जिन्यात रोज येऊन बस हवा तेवढा. फक्त सोलेनला कळता कामा नये, ती इथंही कठडे लावेल." वरून पुपारबाईंचं दार खरोखरच लागलं.

रविवारी जेवण झालं. सार्डिन, खारं लोणी, पेल्यात थंड मुस्कादे वाइन, काठोकाठ. आर्मेल काठीनं टेबलाचे पाय मोजत, दोनदा चुकत, पलंगापर्यंत पोचला. दुपारी थोडं पडायची त्याची सवय होती. मारीव्हॉन सकाळभर त्या खोलीत काहीतरी ओढत, पुटपुटत होती. पत्र्याच्या डब्याचा आवाजही आला होता, पण त्याला वाटलं बिस्किटं. तो कडेवर बसला, पाय वर घेतले, आडवा झाला आणि त्याचं अंग खिडकीकडे हलकेच कललं. कडेची फळी त्याच्या कोपराला लागली. त्यानं श्वास धरला.

"हे काय?"

"पाचरी," ती म्हणाली. ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बूट काढत होती. "माझ्या बाजूच्या पायांखाली घातल्यात. टेबलाच्या आहेत, तुझ्या नेमक्या. फक्त पलंग हं. बाकीचं घर माझं."

"जास्त झालीय," तो म्हणाला. सुताराला दुसरं काही सुचेना. "एवढा उतार नव्हता. पलंगाच्याच घालायच्या होत्यास."

"त्या कमी पडतात. तुझ्याच आहेत त्या." ती आडवी झाली. "मला काय कळत नव्हतं होय? टेबलावर अंडं उभं राहायचं, आणि पलंगालाच तेवढी पाचर कमी?"

बाहेर ट्राम गेली. जुन्या लहरी काचा थरथरल्या, आणि खिडकी कुठं आहे ते आर्मेलला नीट कळलं. तो हसूही शकला नाही. मारीव्हॉननं वरच्या कडेला धरून ठेवलं होतं, सवयीनं, थोडं रागानंही. मग तिला डुलकी लागली आणि हात सुटला.